मुळांवरची लव

९ ऑक्टोबर

ताईस,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. काचघरात वाकून वाकून कंबरेत आता काही शिल्लक राहिलेलं नाही.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचं कारण एका शब्दाचं आहे: कळी. तू म्हणशील, तुझ्याकडे कळ्यांना काय तोटा? पण ही साधी कळी नव्हे. लांब मिशांच्या जातीवर मी बुटक्या पांढऱ्या जातीचा पराग ठेवला होता, तेव्हा तू इथे आली होतीस. म्हणाली होतीस, "गाढव आणि घोडी एकत्र आणल्यावर काय मिळतं ते जगाला माहीत आहे, त्यासाठी काचघर कशाला बांधायचं?" तर तुझ्या त्या खेचराला आठ वर्षांनी कळी आली आहे.

तुला झाडांतलं कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं, तरी सांगतो. सपाता ऑर्किड म्हणजे ज्याच्या फुलाची खालची पाकळी सपातेच्या, म्हणजे पुढून बंद चपलेच्या, तोंडासारखी फुगून पिशवी होते ते. ते जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. मूळ जाती जमवणारे संकरवाल्यांना भेसळखोर म्हणतात, आणि संकरवाले मूळवाल्यांना रानचोर. मी दोन्ही ठेवतो म्हणून दोन्हीकडून शिव्या खातो. इतर ऑर्किडांची प्रयोगशाळेत हजारो पिल्लं काढता येतात, ह्याची निघत नाहीत. एक झाड, त्याला फुटवा आला तर दुसरं. म्हणजे हे खेचर जगात एकच आहे. डिसेंबरात मंडळाचं प्रदर्शन आहे. तो टोपीवाला परीक्षक मागे सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हौशी माणसाच्या मानाने बरं आहे." त्याच्या टेबलावर मला हे फूल ठेवायचं आहे. मी कुठल्या महाविद्यालयात गेलो नाही. वजनकाटे दुरुस्त करतो. पण जे शिकलो ते गुंजेचाही फरक न पडू देता शिकलो.

यंदा एक विघ्न आलं. मुळांत पिठ्या ढेकूण निघाला. कापसासारखा दिसतो आणि झाड आतून पितो. त्यावर मी स्वतःची पद्धत काढली आहे, पुस्तकांत सापडणार नाही. कुंडीत घालायची झाडाची साल औषधात रात्रभर भिजवायची, निथळायची आणि ओली असतानाच तिच्यात रोप बसवायचं. औषध घाऊक रोपवाल्याकडून मिळालं, बिनचिठ्ठीच्या पत्र्याच्या डब्यात. लसणासारखा वास येतो, पण ढेकूण उताणा पडतो. थंडी सुरू झाल्याने झरोके बंद आहेत, म्हणजे औषधाचा वाफारा आतच राहतो आणि दुप्पट काम करतो.

रोपं बसवायचं काम हीच करते. पराग ठेवला तोही हिनेच, माझा अंगठा त्या फुलात मावत नाही. हातमोजे मात्र मी काचघरात येऊ देत नाही. सपाताच्या मुळांवर बारीक तपकिरी लव असते, ती मोडली की झाड वर्षभर रुसतं. हातमोज्याला लव कळत नाही, बोटाला कळते. आधी ही कुरकुरायची, आता सवय झाली.

हिचं तसं बरं आहे. थंडीतसुद्धा घाम येतो म्हणते, आणि डोळ्यांपुढे धूसर. परवा कुंड्यांच्या चिठ्ठ्या लिहिताना ओळ सोडून खाली गेली. सगळ्या मला पुन्हा लिहाव्या लागल्या.

तुझा भाऊ


२० ऑक्टोबर

प्रिय मिलिग्रॅम,

तुझ्या गिऱ्हाइकांनी तुला हे नाव ठेवलं त्यांना माझ्यातर्फे चहा पाज. कळीवर पानंच्या पानं, आणि बायको, माझी चिमणी, कुठे तर तळाशी, तीही चिठ्ठ्यांच्या निमित्ताने. तुझ्या घरात झाडांना हीटर आणि माणसांना स्वेटर, हे मी मागेच बोलून घेतलं आहे.

चिमणीच्या घामाचं म्हणशील तर तिचं वय बघ. मलाही त्या वयात यायचा. नर्स होते तेव्हा भर थंडीत वॉर्डात पंख्याखाली उभी राहायचे आणि रोगी पांघरुणातून शिव्या घालायचे. डोळ्यांसाठी चष्मेवाल्याकडे ने, आणि साखर तपासून घे. सोबत लोहाच्या गोळ्या पाठवते आहे. त्या तिने घ्यायच्या, तू कुंडीत घालायच्या नाहीत. तुझा भरवसा नाही.

तिला म्हणावं, दोन ओळी खरड. पूर्वी तुझ्या पत्राच्या कडेला आडवं का होईना, पण काहीतरी लिहायची. गेल्या दोन पत्रांत एक अक्षर नाही. रुसली आहे का माझ्यावर? फोन करू नकोस. कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मला 'बरी आहे' आणि 'गेली आहे' सारखंच ऐकू येतं. पत्रच बरं.

खेचर फुललं की फोटो पाठव. गाढवाकडचे कान आलेत का ते बघायचं आहे.

ताई


१६ नोव्हेंबर

ताईस,

तुझ्या सूचना तंतोतंत पाळल्या. साखर नाही. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्याने पोट बिघडलंय की काय कळत नाही. हिला कळा येतात आणि दिवसातून बऱ्याच वेळा जावं लागतं. चष्मेवाला म्हणाला नंबर फारसा नाही, पण बाहुल्या लहान आहेत, आणि खोलीतला दिवा विझवला तरी मोठ्या होत नाहीत. त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. मला कुतूहल वाटलं म्हणून घरी भिंग लावून पाहिलं. मोहरीएवढ्याही नाहीत, टाचणीने टोचल्याएवढ्या, दोन्ही डोळ्यांत अगदी सारख्या. माझ्या बाहुल्या त्याच उजेडात चौपट होत्या. वैद्यकातली तू, तुला गंमत वाटेल म्हणून कळवतो.

रुसलेली नाही. हात थरथरतो म्हणून लिहीत नाही. या थरथरीने एक नुकसान केलं. खेचराच्या भावंडाला, त्याच शेंगेतल्या दुसऱ्या रोपाला, कळी आली होती. तिला काडीचा आधार देताना हिच्या हातून देठच मोडला. मी बोललो. थोडं जास्त बोललो असेन. हिने मोडलेली कळी पेल्यात पाणी घालून ठेवली. ती उमलणार नाही हे हिलाही ठाऊक आहे.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. हिच्या दंडावरचं मांस आपोआप उडतं. कातडीखाली गांडूळ फिरावं तसं. सकाळी उशी तोंडातल्या पाण्याने भिजलेली असते. मी म्हटलं, म्हातारपणी बाळ झालीस. दोघंही हसलो.

खेचर मात्र उत्तम आहे. कळीचा देठ वीत-दीड वीत वर आला आहे आणि मिशा गुंडाळलेल्या असूनही त्यांच्यावरचे ठिपके बाहेरून दिसतात. मागच्या बाकावरची शेवटची रोपं तेवढी औषधी सालीत बसवायची राहिली आहेत. ती झाली की हिला चांगली विश्रांती देणार आहे.

तुझा भाऊ


२० नोव्हेंबर

हे पत्र उभ्याने वाच आणि वाचून झालं की बसू नकोस.

तिला आत्ताच्या आत्ता काचघरातून बाहेर काढ. कपडे सगळे उतरव, साबणाने अंग धू, डोकं धू, नखांच्या आतून घास. तुझे हात धू. मग रुग्णालयात ने. औषधाचा डबा सोबत ने. डबा, कळलं? दारातच सांग: कीटकनाशक, उघड्या हातांनी, कित्येक आठवडे, बंद खोलीत. बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, जुलाब, मांस उडतंय. एवढं ऐकल्यावर पुढे काय करायचं ते त्यांना कळेल.

मूर्खा, तो ढेकूण जसा उताणा पडतो तसंच ते औषध माणसाला करतं. फक्त माणूस मोठा असतो, म्हणून वेळ लागतो. मी वॉर्डात असे रोगी हातांनी धुतले आहेत. आणि तुझं मागचं पत्र वाचून मी काय पाठवलं, तर लोहाच्या गोळ्या. घाम म्हटल्यावर मी वयच पाहिलं. औषधाबद्दल तू सगळं लिहिलं होतंस, लसणाच्या वासासकट, आणि मी ते तुझी पोपटपंची म्हणून डोळ्यांखालून घातलं.

शेजारच्या मुलीकडून तुला दोनदा फोन करवला. तू उचलला नाहीस. काचघरात फोन नेत नाहीस, ओल लागते म्हणून. हे पत्र खास माणसाकडून पाठवते आहे. मी स्वतः पहिल्या गाडीने निघते, पण हे माझ्याआधी पोचेल. माझी वाट बघत थांबू नकोस.

ताई


९ डिसेंबर

बाळ,

सुखरूप पोचले. गाडीत झोप लागली नाही, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले.

जे तोंडावर मोकळेपणाने बोलले नाही ते लिहिते, कारण चिमणी पडद्यापलीकडेच होती. मी वॉर्डात शिरले तेव्हा त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "पेशंटने काय शिळं खाल्लं होतं?" तू तिला आदल्या संध्याकाळी आणलं होतंस. माझं पत्र तुझ्या खिशात होतं, घडी मोडलेली, वाचलेली. आणि तू त्यांना शिळं खाल्लं म्हणून सांगितलंस. रात्रभर ते तिला सलाइन लावत होते आणि तिच्या छातीत पाणी भरत होतं. मी सांगितलं तेव्हा त्या बाईंचा चेहरा उतरला. पाच मिनिटांत इंजेक्शन सुरू झालं. मग दर थोड्या वेळाने, दोन दिवस.

डबा मी शोधला. सालीच्या पोत्यांखाली, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? "ताई, मी खोटं बोललो नाही. त्यांनी विचारलं काय खाल्लं, आदल्या दिवशीचंच खाल्लं होतं." शाबास. वजनकाटेवाला शोभतोस. आणि मग हळूच म्हणालास, असलं औषध घरात वापरायला बंदी आहे, चौकशीला माणसं आली तर प्रदर्शनापर्यंत काचघराला टाळं लावतील. मी तुझ्याहून मोठी आहे, लहानपणी तुला कडेवर घेऊन फिरले आहे. त्या क्षणी वाटलं, एकदा तरी पाडायला हवा होतास.

ती वाचली. पण हे संपलेलं नाही. या जातीच्या औषधाचा मागून येणारा एक फटका असतो. रोगी बरा होऊन घरी जातो, हसतो, बोलतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पाय सांगायला लागतात. सगळ्यांना होत नाही, काहींना होतं. डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं, मीही सांगितलं. तू मान हलवलीस आणि खिडकीतून बाहेर किती थंडी पडली आहे ते पाहिलंस. तिच्या पायांकडे लक्ष ठेव. मुंग्या, जडपणा, काहीही. लगेच कळव.

आणि काचघरात तिचं पाऊल पडता कामा नये.

ताई


२२ डिसेंबर

ताईस,

तुझं पत्र वाचलं, दोनदा. त्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून त्यावर काही लिहीत नाही. डबा रोपवाल्याच्या अंगणात नेऊन टाकला. औषधी साल सगळी फेकली. हातमोजे आणले, रबरी, कोपरापर्यंतचे, आणि ते मीच घालतो. मागच्या बाकावरची रोपं मी बसवली. लव मोडली असणार. मोडू दे.

आता दुसरी बातमी. खेचर पहिलं आलं.

फूल कसं आहे ते सांगतो. वरची पाकळी पांढरी, तिच्यावर हिरव्या शिरा. मिशा बापासारख्या नाहीत आणि आईसारख्याही नाहीत. तिरप्या खाली येतात, दोनदा पीळ घेतात, आणि काठावर काळपट मस, त्यातल्या प्रत्येकावर एक केस. पिशवी फिकट गुलाबी, आतून ठिपक्यांची. माशी आत पडली तर आल्या वाटेने बाहेर पडता येत नाही. मागे एकच अरुंद जिना असतो, तिथून जाताना पराग अंगाला चिकटतो. टोपीवाल्याने भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. मग टोपी काढली, खरंच काढली, टक्कल आहे त्याला, आणि म्हणाला, "हे तुम्ही केलंत?" मी हो म्हटलं.

ही प्रदर्शनाला आली होती. तब्येत आता ठणठणीत, बाहुल्या माझ्याएवढ्या झाल्या आहेत, रोज भिंगाने बघतो. खुर्चीवर बसून होती, लोक फुलाशी फोटो काढत होते तेही बघत होती. नव्या संकराचं नाव नोंदवायचा हक्क तो करणाऱ्याचा असतो. मी हिचं नाव द्यायचं ठरवलं आहे. हिला अजून सांगितलेलं नाही, नोंदणी झाल्यावर कागदच हातात देईन.

पायांबद्दल विचारलं होतंस म्हणून एक किरकोळ गोष्ट कळवतो. प्रदर्शनातून निघताना हिची एक सपात दालनाच्या मध्येच राहिली. आम्ही फाटकापर्यंत आलो तरी हिला पत्ताच नाही. मागून कुणीतरी आणून दिली. घरातही तसंच होतं. सपात न्हाणीच्या दारात आणि ही स्वयंपाकघरात. आणि चालताना गुडघा उगाच उंच उचलते, पाण्यातून चालल्यासारखी. बसून बसून पाय आखडले असतील. फिरायला नेतो आहे.

तुझा भाऊ


२७ डिसेंबर

बाळ,

फिरायला नेऊ नकोस. पडेल.

हाच तो मागून येणारा फटका. पायाचा पंजा उचलणाऱ्या नसा आधी जातात. पंजा लोंबतो, म्हणून गुडघा उंच उचलावा लागतो, आणि सपात पायात आहे की नाही हे पायाला कळत नाही. तू हे सगळं पाहिलंस. सपात कुठे पडली, कुणी आणून दिली, गुडघा कसा उचलला, सगळं बरोबर लिहिलंस. तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही. पण बाहुल्या पाहिल्यास तेव्हा तुला गंमत वाटली, आणि आता पाय पाहिलेस तर ते किरकोळ.

यावर इंजेक्शन नाही. लगेच नसांच्या डॉक्टरांकडे ने, व्यायाम शिकून घे, घोट्याला आधाराची पट्टी मिळते ती आण. आणि ऐक, मी तुझ्यापासून लपवणार नाही. हे पायांवर थांबेलच असं नाही. पायांनंतर हात जाऊ शकतात. काहींचं महिन्यांनी, वर्षांनी थोडं परत येतं. काहींचं येत नाही.

तिला विचार, तिला काय हवंय. विचारून झालं की गप्प राहा. तिच्या वतीने उत्तर देऊ नकोस. तुला ते जमत नाही हे मला माहीत आहे. या वेळी जमव.

माझा घोट्याचा सांधा धरलाय, जिना उतरवत नाही. उतरायला लागले की येते. तोवर तिचे शब्द मला हवेत, तुझे नकोत.

ताई


५ फेब्रुवारी

वन्सं,

अक्षर ह्यांचं आहे, शब्द माझे. माझे हात मनगटापासून खाली ओल्या फडक्यासारखे लोंबतात. पेन बोटांत अडकवून पाहिलं, गळून पडतं. तुम्हाला माझे शब्द हवे होते म्हणून ह्यांनाच सांगितलं, मी बोलेन ते लिहा. घालायचं नाही, गाळायचं नाही, काट्याला बोट लावायचं नाही. हे कबूल झाले. ह्यांनी एकदा कबूल केलं की तसंच करतात, ते तुम्हालाही माहीत आहे.

गेल्या वर्षी मी तुम्हाला का लिहिलं नाही ते सांगते. हात थरथरायचा हे खरं. पण मी लिहिलेलं पत्र चिकटवायच्या आधी हे वाचायचे. शुद्धलेखन बघायला म्हणायचे. मग लिहायचं तरी काय? साल भिजवली की रात्री उशीला तोच वास यायचा. ह्यांना येत नव्हता. मी म्हटलं एकदा, हे म्हणाले, मनाचे खेळ आहेत. एकदा हे कामावर गेले तेव्हा मी भांडी घासायचे मोजे घालून दोन रोपं बसवली. पंधरवड्यात एकाचं पान मलूल झालं. ह्यांनी रोप उपसून मुळं भिंगाखाली धरली, लव मोडलेली दिसली. मग आठवडाभर हे माझ्याशी बोलले नाहीत. चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, मीठ संपलंय, कुलूप लाव. पुन्हा मोजे घातले नाहीत. भीतीने नाही. घर फार शांत झालं होतं म्हणून.

(इथे ही पाणी प्यायला थांबली. मी पाजलं.)

आता रुग्णालयाचं. तुम्हाला वाटतं मला ते माहीत नाही. तुम्ही पडद्यापलीकडे हळू बोललात, पण वन्सं, तुमचे कान गेलेत, म्हणून तुमचं हळू बोलणं जगाला ऐकू येतं. आणि त्याच्याही आधीचं मला ठाऊक होतं. मला आणलं त्या रात्री माझी जीभ चालत नव्हती, तोंडातून फेस येत होता, पण कान चालत होते. डॉक्टरीणबाई विचारत होत्या आणि हे सांगत होते, शिळं खाल्लं. मी डोळे वटारून बघत होते ह्यांच्याकडे. मला वाटलं आता सांगतील. आता सांगतील. त्या बाई दुसऱ्या रोग्याकडे गेल्या, परत आल्या, पुन्हा विचारलं. पुन्हा शिळंच. मग मला श्वास लागला आणि मी ह्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं.

(इथे मी पेन खाली ठेवलं. ही म्हणाली, हेही लिहा.)

सेवा करतात. खोटं कशाला बोलू? स्वतः भरवतात, केस विंचरतात, अंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवून बघतात. सकाळी उन्हात बसवतात, ऊन सरकलं की चाकाची खुर्ची वळवतात, एका बाजूला वाढू नये म्हणून कुंडी वळवतात तशी. एकेक बोट ओल्या कापडाने पुसतात. रोज माझा पंजा किती उचलला जातो ते पट्टीने मोजतात. सांगते ते तुमची थट्टा म्हणून नाही, पण वन्सं, लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझा हात इतका वेळ कधी हातात धरला नव्हता. आणि आता मला तो कळत नाही.

फुलाला माझं नाव देणार होते. नोंदणीचा न पाठवलेला अर्ज माझ्यापुढे धरला, रडले. मी म्हटलं, नको. मला नाव आहे, ते मला अजून लागणार आहे. परक्यांच्या कुंड्यांवर खडूने लिहायला ते नाही. द्यायचंच तर वन्संनी ठेवलेलं द्या, खेचर. हे हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. मी हसले. चेहरा अजून चालतो माझा.

जुन्या कुंड्यांच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत, त्या तशाच राहू द्या म्हणाले. राहू देत.

मला तुमच्याकडे यायचं आहे. तुमचे हात आणि माझे कान मिळून एक धड बाई होईल. ह्यांनी विचारलं, किती दिवसांसाठी म्हणून लिहू? मी म्हटलं, दिवस लिहू नका.

एवढंच. बाकी भेटल्यावर, ओरडून बोलू.


ताई, इथून पुढे मी.

हे सगळं हिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी माझा शब्द गेला होता, तो हिने काढून हिचा घालायला लावला. खाली सही नाही. ही करू शकत नाही, आणि हिच्या वतीने मी करणं बरोबर नाही.

घोटा बरा झाला असेल तर शनिवारच्या सकाळच्या गाडीने ये. हिचे कपडे मी भरून ठेवले आहेत. पुढच्या दाराच्या दोन पायऱ्यांवर फळी टाकली आहे. तिच्यावरून चाकाची खुर्ची अडखळते का ते बघायला मी रिकामी खुर्ची खाली नेऊन पाहिली.

अडखळत नाही.